आत्म्याचे अग्निमांद्य

पोटाची भूक न बोलावता येते आणि आत्म्याची भूक बोलावूनही येत नाही, या एका वैषम्यामुळे ख्रिस्ती मनुष्याच्या आयुष्यातील पहाटेच्या वेळा जितक्या ओशाळवाण्या झाल्या आहेत, तितक्या दुसऱ्या कोणत्याही कारणाने झाल्या नसतील. सकाळी साडेपाचास उठावे, तोंड धुवावे, चष्मा पुसावा, पवित्र शास्त्र उघडावे, खुणेची फीत बाजूस सारावी, येथपर्यंत सर्व काही यथासांग पार पडते. आणि मग पहिल्या वचनापाशी डोळे पोचतात न पोचतात तोच गॅसच्या टाकीचा नंबर लावावयाचा राहिला आहे हे आठवते, दुसऱ्या वचनापाशी धाकट्या मेव्हण्याने भर मांडवात केलेला अपमान आठवतो, आणि तिसऱ्या वचनापाशी असे ध्यानात येते, की पहिली दोन वचने आपण वाचलीच नव्हती. याच मनुष्यापुढे त्याच क्षणी कोणी कांदेपोह्यांची बशी ठेवली, तर ती रिकामी होईपर्यंत त्याला मेव्हण्याचे विस्मरण घडते. वैद्यकात ज्यास अग्निमांद्य म्हणतात तोच हा विकार, मात्र जठराऐवजी आत्म्यास जडलेला. आणि त्याचा विशेष असा, की तो आपल्याला आहे याबद्दल रोग्याची खात्री असते, शेजाऱ्याला तो नाही अशी त्याची समजूत असते, आणि शेजाऱ्याची समजूत नेमकी याच्या उलट असते.

आमचे उर्से हे गाव मावळ तालुक्यात, तळेगावाच्या अलीकडे की पलीकडे हे सांगणाऱ्याच्या मुक्कामावर अवलंबून आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जो पथकर नाका आहे, त्याच्यामुळे ज्यांनी गावाची वेस कधी डोळ्यांनी पाहिली नाही अशा लक्षावधी लोकांच्या तोंडी या गावाचे नाव असते, आणि बहुधा ते प्रसन्न मुद्रेने उच्चारलेले नसते. एका अंगास कारखाने, दुसऱ्या अंगास भाताची खाचरे, अशी गावाची वहिवाट; आणि कारखान्यांच्या मागोमाग नगर, सोलापूर, मराठवाडा या बाजूंकडून जी माणसे पोटापाण्यासाठी येथे आली, त्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांची दहापाच बिऱ्हाडेही आली. एकांतवाचनाच्या पुस्तिकांतून जी निवांत, पक्ष्यांच्या कूजनाने भारलेली प्रातःकाळची घटिका वर्णिलेली असते, ती उर्से येथे उपलब्ध नाही. येथे पहाटे कर्ण्यावरून काकडआरती सुरू होते. ती आटोपते न आटोपते तोच पहिल्या पाळीच्या कामगारांना न्यावयास आलेल्या कंपनीच्या बसगाड्या वळणावर भोंगे वाजवितात. आणि या दोहोंच्या मागे द्रुतगती मार्गावरील अवजड वाहनांचा घोष अहोरात्र चालूच असतो. यास्तव आमच्यापैकी कित्येकांनी शास्त्रवाचन बसमध्ये, मोबाईलवर करण्याचा शिरस्ता पाडला आहे, आणि सोमाटणे फाटा ओलांडताना ज्याची मान छातीवर टेकलेली दिसेल तो प्रार्थना करीत आहे असे समजण्याचा उदार संकेतही आम्ही आपसांत मान्य केला आहे.

आमच्या भिंतीस भिंत लागून माळकरी आबांचे घर आहे. आबांची एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी चुकत नाही आणि दिवेलागणीचा हरिपाठ तर पाऊस कोसळत असो, वीज गेलेली असो, की नातवाचा दूरदर्शनशी सामना चाललेला असो, एक दिवस चुकत नाही. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारले, "काय गुरुजी, झालं का आज वाचन?" आम्ही खरे ते सांगितले, की आज मन लागले नाही, आतून भूकच नव्हती. आबांनी प्रथम आमच्या पोटाकडे पाहिले, नंतर आमच्या हातातील ग्रंथाकडे पाहिले आणि म्हणाले, "आमाला नाय बा असलं काय ठावं. आमी भूक लागली म्हणून हरिपाठ म्हणत नाय, दिवा लागला म्हणून म्हणतो." तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशा अर्थाचे उद्गार नारायण वामन टिळक काढीत असत. त्या सेतूचे अलीकडचे टोक जेथे टेकलेले मानावयाचे, तो देहूजवळचा भंडारा डोंगर आमच्यापासून फार दूर नाही, आणि या सेतूवर पथकरही नाही. असे असता आमची ये-जा त्यावरून जितकी व्हावी तितकी होत नाही, हे आबांच्या त्या एका वाक्याने आमच्या पदरात पडले.

या विकारावर ख्रिस्ती जगतात रामबाण मानलेला उपाय म्हणजे वार्षिक वाचनक्रम. स्कॉटलंडमधील डंडी शहरचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी आपल्या मंडळीसाठी १८४२ साली एक कोष्टक सिद्ध केले, ज्यान्वये वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात. योगायोग असा, की त्याच १८४२ साली अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' पत्र काढले. म्हणजे नगरच्या मनुष्याची वाचण्याची सोय आणि डंडीच्या मनुष्याची न वाचल्याबद्दल झुरण्याची सोय एकाच साली झाली. मॅकचेन पुढल्याच वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी वारले. कोष्टकाला मात्र मरण आले नाही, आणि दर एक जानेवारीस ते जगभर नव्या जोमाने जन्म घेते. उर्से येथे आम्ही त्याची एक सोपी आवृत्ती चालवितो. शास्त्राची पुस्तके ६६, त्यांचे अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच असे वाचले, तर वर्षाच्या आत ग्रंथ संपून वर दहा अध्यायांची सवड राहते. गणित बिनचूक आहे, आणि त्यास रोज सुमारे पाव तासापलीकडे वेळही लागत नाही. घोडे पेंड खाते ते लेवीयापाशी.

जानेवारीचा पूर्वार्ध मोठ्या सुखाचा जातो. उत्पत्तीच्या पुस्तकात वडिलोपार्जित मिळकतीवरून भावाभावांत इतकी उलाढाल आहे, सासऱ्याने जावयाला आणि जावयाने सासऱ्याला इतके गंडविले आहे, की मावळातल्या जमिनींचे भाव चढल्यापासून ज्यांच्या घरी वाटणीचे दावे चालू आहेत अशा कोणाही वाचकास तेथे परकेपणा वाटू नये. पुढे निर्गमात मिसर देशावर पीडा येतात, समुद्र दुभंगतो, तेथवर वाचकाचा वेग कायम असतो. नंतर निवासमंडपाच्या फळ्या, उथळ्या, पडदे आणि कड्या यांची मोजमापे सुरू होताच तो मंदावतो. आणि जानेवारी सरता सरता लेवीयाचे दार लागते. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, दोषार्पण, कोणत्या पशूची चरबी कोठे जाळावी आणि कोणता अवयव कोणी घ्यावा, याचा तपशील वाचताना ज्याने उपवास धरला असेल त्याला भलतीच भूक लागते आणि ज्याने धरला नसेल त्याला कोणतीच लागत नाही. "कुठवर आलात?" हा प्रश्न, जो दहा जानेवारीस आमची मंडळी एकमेकांस मोठ्या उमेदीने विचारीत असते, तो फेब्रुवारीच्या आरंभी सार्वजनिक व्यवहारातून नाहीसा होतो, आणि एखाद्या नवख्याने तो विचारलाच, तर समोरचा मनुष्य हवामानाविषयी बोलू लागतो.

वास्तविक लेवीयाचा दोष काहीच नाही. दोष तिथीचा आहे. त्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, घराच्या भिंतींवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उमटले तर काय करावे, याचा सविस्तर नियम आहे. घरधन्याने याजकाकडे वर्दी द्यावी. याजकाने येण्यापूर्वी घरातले सामान बाहेर काढवावे. नंतर पाहणी करून घर सात दिवस बंद ठेवावे. चट्टा पसरला असल्यास ते दगड उपटून नगराबाहेर टाकावेत, आतून घर खरवडावे, नवे दगड घालून गिलावा करावा. आणि एवढे करूनही चट्टा पुन्हा उठला तर घर पाडावे. लोणावळ्याच्या अंगावरून जो पाऊस जूनपासून मावळात उतरतो, त्यात भिंतीस ओल धरून बुरशी चढली नाही असे घर दाखविणाऱ्यास आम्ही इनाम देऊ. आणि हा नियम अक्षरशः अमलात आणला, तर ऑगस्टअखेर कार्ले-कामशेतापासून सोमाटण्यापर्यंत एकही इमारत उभी राहावयाची नाही. आषाढातल्या रात्री, कपाटातले जाकीट काढून त्यावरची पांढरी लव हाताने झाडीत असताना हा अध्याय वाचणारा मनुष्य प्रत्येक शब्दावर मान डोलवील. परंतु कोष्टकान्वये तो वाचावा लागतो फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेस, जेव्हा मावळातल्या भिंती खडखडीत वाळलेल्या असतात आणि वाचकास या भानगडीशी आपला काय संबंध असे वाटत असते.

लेवीयापाशी पाय अडखळलेल्यांच्या तात्पुरत्या निर्वाहासाठी वचनांच्या डबीची योजना आहे. ही डबी जुन्या ख्रिस्ती घरांतून दिवाणखान्यातील फडताळावर असते. तिच्यात कागदाच्या बारीक सुरळ्या उभ्या दाटून बसविलेल्या असतात, आणि एका लहानशा चिमट्याने त्यांतली एक उपसून उलगडली, की त्या दिवसाचे वचन हाती येते. आम्ही या डब्यांचे बारकाईने अवलोकन केले आहे. त्यांत एकही सुरळी चरबीविषयी नसते, एकही वंशावळीची नसते, न्यायनिवाड्याची तर नसतेच नसते. सर्व सुरळ्या आशीर्वादाच्या, अभयाच्या आणि भरभराटीच्या असतात. इतके असूनही पहिली सुरळी मनाजोगी निघाली नाही, तर ती गुंडाळून परत खोचावयाची आणि दुसरी उपसावयाची, ही वहिवाट चांगल्या चांगल्या घराण्यांतून चालते. एका गृहिणीने परीक्षेला निघालेल्या मुलासाठी, धीर धरण्याविषयीच्या सुरळ्या ओळीने बाजूस ठेवून, यशाची सुरळी निघेपर्यंत चिमटा खाली ठेवला नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. मुलाचा निकाल आम्ही विचारला नाही.

ज्यांना ही भूक खरोखर लागली होती अशी माणसे आमच्या मराठी मुलखात होऊन गेली आहेत, आणि त्यांच्यापाशी ना कोष्टक होते, ना चिमटा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत लिहिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, त्याच्या मुळाशी अशीच एक भूक होती: जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी ऐकावयास आम्हांला काही द्याल की नाही, अशी नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी त्या ग्रंथाच्या आरंभीच मांडलेली आहे. ग्रंथ मागून घेणारा श्रोता हा प्राणी आज दुर्मीळ झाला आहे. आमच्याकडे ग्रंथ सापडतो, श्रोता शोधावा लागतो. टिळकांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्या वेळी ते हास्यास्पद वाटले. पण वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी ते असे अडकले, की पुस्तक खाली ठेववेना, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या तालुक्यातून पुण्या-मुंबईस दिवसाकाठी कितीतरी गाड्या जातात आणि त्यांतून शास्त्राच्या प्रती बाळगणारे ख्रिस्ती लोकही जातात. परंतु लोकलमध्ये शेजाऱ्याने पुस्तक काढताच आपण खिडकीबाहेर पाहावयाचे, ही रीत अलीकडे इतकी पक्की झाली आहे, की टिळक आज त्या डब्यात असते तर त्यांनाही बहुधा बेगडेवाडीचा फलाटच पाहावा लागला असता.

पंडिता रमाबाईंकडे आलो, की विनोदाला थोडे सांभाळून बसावे लागते, कारण त्यांच्या बाबतीत भूक हा अलंकार नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत देशभर हिंडत; ते, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नावाचून गेली; आणि जगलेल्या मुलीने पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली उचलून आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगावास आणल्या. पोटाची भूक भागल्यावर त्या मुलींना दुसरी लागली. जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी रोज प्रार्थनेस बसण्यासाठी स्वखुशीने येणाऱ्यांना बोलाविले तेव्हा सुमारे सत्तर आल्या; जून उजाडेपर्यंत दिवसातून दोनदा बसणाऱ्यांची हजेरी साडेपाचशेवर गेली; आणि जूनच्या अखेरीस तेथे असा प्रार्थनेचा लोट उसळला, की एका मुलीवर अग्नी उतरलेला पाहून तिची सोबतीण पाण्याची बादली आणावयास धावली, अशी हकीकत त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. आम्हांला त्या संबंध हकीकतीत बादलीवाली मुलगी सर्वांत जवळची वाटते. प्रार्थनेचा परिणाम दिसू लागताच तो विझविण्याची तजवीज करणारा एक तरी प्रामाणिक, व्यवहारी मनुष्य प्रत्येक मंडळीत असतो, आणि बहुधा त्याच्याकडेच खजिनदाराचे काम असते.

परंतु रमाबाईंची खरी गंमत त्या लोटात नाही. तो ओसरल्यानंतरही बाई वर्षानुवर्षे हिब्रू आणि ग्रीक व्याकरणे पुढ्यात घेऊन शास्त्राचे मराठी भाषांतर करीत बसल्या, कारण प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या साध्या बाईस कळत नाही असे त्यांचे मत होते. (हा लेख त्यांच्या हाती पडला असता, तर त्यांनी त्याचेही भाषांतर करावयास घेतले असते.) खिळे जुळविणे, छापणे, बांधणी, सर्व कामे केडगावच्या बायकांनी शिकून केली, बाई १९२२ साली वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. आता हिब्रू क्रियापदांची रूपे रोज सकाळी भूक लागते म्हणून कोणी घोकीत नाही. ती घोकावयाची असतात म्हणून घोकली जातात, आणि त्यांतून कधीतरी एखाद्या सकाळी, बहुधा अपेक्षा नसताना, भूक प्रकट होते. आबांच्या दिव्याची उपपत्ती केडगावासही लागू पडते, हे आम्ही आबांना सांगितले नाही. त्यांना त्यात नवल वाटले नसते.

या उपपत्तीचा पुरावा आमच्या गावाशेजारूनच रोज हजारोंनी जातो. सकाळी घरून पोटभर नाश्ता करून निघालेले कुटुंब उर्से येथील नाका ओलांडून मुंबईच्या वाटेस लागते. घाट उतरेपर्यंत कोणालाही काही नको असते. खालापूरच्या फूड मॉलची पाटी दिसते, गाडी थांबते, तळणाचा वास येतो, आणि तासाभरापूर्वी उपमा संपवून ढेकर दिलेले गृहस्थ बटाटेवड्याच्या रांगेत इतक्या तळमळीने उभे राहतात, की त्यांच्या घरी गेल्या गुरुवारपासून चूल पेटली नसावी. भूक लागली म्हणून ते थांबले नाहीत. थांबले म्हणून त्यांना भूक लागली. निर्गमातल्या इस्राएल लोकांचा मान्नाही याच धर्तीचा होता. रोज पहाटे बाहेर पडून वेचावा लागे. आळस करून उद्यासाठी साठविला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची परवानगी होती. आमच्या पिढीस ही व्यवस्था जाचक वाटते, कारण शीतकपाट आल्यापासून शिळे म्हणजे काय याचीच कल्पना बदलली आहे. रविवारचे रस्से बुधवारी गरम करून खाणारा मनुष्य रविवारचे प्रवचनही बुधवारपर्यंत टिकेल असे धरून चालतो.

बुधवारी आमची घरोघरची प्रार्थनासभा असते. टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ साली, 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यांचा हेतू निराळा होता. पण दरबार हे नाव आम्ही फार मनावर घेतले आहे. आमचे एक ज्येष्ठ बंधू प्रार्थनेस उभे राहिले, की प्रथम सर्व मजकूर रीतसर दाखल करून घेतात: "हे स्वर्गीय पित्या, तुला ठाऊकच आहे, की तुझा दास सध्या तळेगावास दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यावरून वर गेल्यावर डाव्या हातास, खिडकीजवळच्या खाटेवर आहे, आणि भेटीची वेळ चार ते सहा आहे." दुसरे एक गृहस्थ विश्वाच्या कारभारापासून आरंभ करतात, राष्ट्रसंघ, दिल्ली, मुंबई, पुण्याचे जिल्हाधिकारी, वडगावची मामलेदार कचेरी, अशी अनुक्रमे उतरंड उतरत ते उर्से येथे पोचतात तेव्हा आतला चहा दुसऱ्यांदा उकळलेला असतो. तिसरा प्रकार फिर्यादीचा. "प्रभो, आमच्यात जे उशिरा येतात, आणि येऊन दारातच बसतात, त्यांना सद्बुद्धी दे," अशी प्रार्थना डोळे मिटून चालली असता दारात बसलेल्या मनुष्याने काय करावे, याविषयी शास्त्रात मार्गदर्शन नाही. पाठांतराच्या वेळी मुलांना एकेक वचन म्हणावयास सांगितले, की धाकटी सर्व मुले योहानाच्या अकराव्या अध्यायातील, येशूच्या रडण्याविषयीचे, दोनच शब्दांचे वचन म्हणतात. आणि एखादा अध्याय तोंडपाठ म्हणण्याची पैज लागली, की थोरली मुले दोनच वचने असलेले एकशे सतरावे स्तोत्र निवडतात. एकशे एकोणिसावे, ज्यात वचने एकशे शहात्तर आहेत, ते आजवर कोणी निवडलेले नाही.

झोपेविषयी आम्ही कोणास नावे ठेवीत नाही, कारण त्या बाबतीत आमच्यामागे फार मोठे दाखले आहेत. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष पेत्र झोपला. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर दिवे पुष्कळ लावलेले होते, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने झुकून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पुढे असे आहे, की पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, तो जिवंत सापडला, आणि नंतर पौलाने वर जाऊन भाकर मोडली व उजाडेपर्यंत भाषण चालू ठेवले. रात्रपाळी करून सभेस येणारे आमचे तरुण बंधू या अध्यायाचा पूर्वार्ध आपल्या बाजूचा मानतात. आमचे पाळकसाहेब उत्तरार्ध आपल्या बाजूचा मानतात. दक्षता म्हणून सभा तळमजल्यावरच भरविण्यात येते.

या सभेस नगरकडच्या एक आत्याबाई येतात. त्या कोष्टक पाळीत नाहीत. काल जेथे बोट थांबले तेथून आज पुढे, ओळीखाली बोट सरकवीत, मोठ्याने आणि अतिशय सावकाश, असे त्यांचे वाचन वर्षानुवर्षे चालू आहे. ग्रंथ संपला, की त्या पान उलटून पुन्हा उत्पत्ती काढतात, आणि याबद्दल कोणाशी बोलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी न्हाणीघराची भिंत सबंध खरवडून तिला चुना मारला. कारण विचारले, तेव्हा त्यांनी लेवीयाचा चौदावा अध्याय सांगितला. त्यांचे बोट योगायोगाने आषाढातच तेथे येऊन ठेपले होते.

या भिंतीची हकीकत यंदा फेब्रुवारीत, म्हणजे बहुतेकांची वाचने नित्याप्रमाणे बंद पडल्यानंतर भरलेल्या सभेत निघाली, आणि कंपनीच्या नियोजन खात्यात काम करणारे आमचे एक बंधू एकाएकी कागद-पेन्सिल घेऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मान वर करून जाहीर केले, की वाचनाचे वर्ष एक जानेवारीऐवजी एक जूनला सुरू केले, तर सर्व घोटाळा मिटतो: भिंतींचा अध्याय जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ऐन ओलीत येतो, आणि त्याच वेगाने गेले असता नाताळच्या सुमारास आपोआप यशयाचे पुस्तक लागते, जे त्या दिवसांत वाचावयाचेच असते. सभा थक्क झाली. एकशे ऐंशी वर्षांत डंडीच्या लोकांना जे सुचले नाही ते उर्से येथे सुचावे याचा अभिमान प्रत्येकाच्या मुद्रेवर दिसू लागला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. ठरावाची मुदत, कोष्टकाची छपाई आणि खर्चाची बाब यांवर इतकी जोमदार चर्चा झाली, की त्या महिन्यात शास्त्रासंबंधाने कोणी इतका वेळ दिला नव्हता. ठराव मतास टाकावयाचा तेवढ्यात आत्याबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, "सगळं खरं रे दादा, पण जूनपर्यंत काय उपाशी राहायचं?"

चिटणिसांनी हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेतला, त्याच्या उत्तरासाठी खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या, आणि ठराव पुढील बुधवारपर्यंत तहकूब झाला.